खालचा आकडा

मुलगा संध्याकाळी पाच वाजताच घरी आला तेव्हा सुनेला आनंद झाला, नातीला तर आभाळ ठेंगणं झालं, आणि दशांशकाकांनी धास्तावून घड्याळाकडे पाहिलं.

"काय रे, बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे की. ओव्हरटाइम नव्हता आज," असं म्हणून मुलगा हातपाय धुवायला गेला. नात त्याच्या पायांत पायांत करत मागे गेली. सुनेने चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी ओतलं. साधीच गोष्ट, कुठल्याही घरात घडणारी. पण काकांनी चष्मा लावला, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक आकडा लिहिला, पाच वाजून पाच.

म्हाताऱ्या माणसांना नाना खोडी असतात. काकांची खोड नोकरीतून आलेली होती. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते एकतीस वर्षं टाइमकीपर होते. फाटकाशेजारच्या खिडकीत बसायचं, कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला ते कार्डांवरून उतरवून घ्यायचं, आणि महिन्यातून एकदा सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाचा फॉर्म भरायचा. त्या फॉर्मातल्या एका प्रश्नावर काकांचा फार जीव होता. कामगाराने आठवड्याला सरासरी किती तास काम केलं? सगळ्यांच्या तासांची बेरीज करायची, पटावरच्या माणसांच्या संख्येने भागायचं आणि उत्तर लिहायचं. बाकीच्या कारखान्यांतले कारकून अठ्ठेचाळीस असं ठोकून मोकळे व्हायचे. काका अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन दशांश लिहायचे, आणि तो तीन कुठून आला असं कुणी चुकून विचारलंच तर त्याला दहा मिनिटं उभं करून समजावायचे. त्यावरून कामगारांनी त्यांचं नाव दशांश पाडलं. केस पिकल्यावर पुढे काका लागलं, आणि खरं नाव लाइटबिलापुरतं उरलं.

"दिवस फिरले की मालक लगेच माणसं काढत नाही," हे ते ज्याला त्याला सांगायचे. "शिकवून तयार केलेला माणूस एकदा गेला की परत मिळत नाही. शिवाय मंदी खरी आहे की नुसती हूल आहे हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. म्हणून तो आधी तास कापतो. पहिला ओव्हरटाइम जातो, मग शनिवार जातो, मग माणूस जातो. चांगले दिवस यायचे असले तरी तेच. नवा माणूस घ्यायच्या आधी असलेल्यांनाच जास्त थांबवतात. पेपरात बातमी नंतर येते. तास आधी बोलतात."

हे नुसतं तोंडाने बोलणं नव्हतं. शेजारच्या लेथवाल्याला त्यांनी एकदा चार महिने आधी सांगितलं होतं की दुसरीकडे बघून ठेव. त्याने निमूटपणे बघून ठेवलं, आणि त्याची फाउंड्री बंद पडली तेव्हा सगळ्या गल्लीत तो एकटा तरला. तेव्हापासून तासांच्या बाबतीत काकांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. घरात तर नाहीच.

मुलगा त्याच कारखान्यात असेंब्लीला फिटर होता. काकांनीच चिकटवला होता. आठ ते साडेचार पाळी, वर दोन तास ओव्हरटाइम, घरी यायला सात. दहा वर्षं हे असंच चाललं होतं. आता कॅलेंडरवर पाच वाजून पाच, पाच वाजून दहा, पाच असे आकडे एकाखाली एक जमायला लागले. तिसऱ्या आठवड्यात शनिवार बंद झाला. नात बापाला घेऊन मैदानावर गेली आणि दोघं घामाघूम होऊन परत आले. घरात इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. काका एकटेच तोंड पाडून बसले होते, आणि ते का बसलेत हे सुनेच्या लक्षात आलं.

सून तशी हुशार. लग्नाआधी ती बिस्किटांच्या कारखान्यात तपासणीला होती. पट्ट्यावरून सरकणाऱ्या शेकडो पुड्यांतला एक वाकडा शिक्का तिला दुरून दिसायचा. मुलगी झाल्यावर ते सुटलं ते सुटलंच. आता मुलगी चौथीत होती.

"बाबा, लक्षण बरं नाही ना?" तिने एका दुपारी सासऱ्यांना विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "आठवड्याचे चाळीस तास राहिलेत. अजून उतरतील."

आठ दिवसांनी तिने सांगितलं की गावाबाहेरच्या औषधांच्या पॅकिंग कंपनीत तिने अर्ज टाकलाय, गोळ्यांच्या पाकिटांवरचे नंबर आणि तारखा तपासायचं काम आहे. पुढच्या आठवड्यात ती मुलाखतीला जाऊन आली. त्या दिवशी तिने कधी नव्हे ती कपाटातली इस्त्रीची साडी नेसली होती, आणि परत आल्यावरही ती बराच वेळ बदलली नव्हती. काकांनी ते पाहिलं, पण त्यांना त्यात काही मोजण्यासारखं दिसलं नाही.

आणि मग तास चढले.

एका सोमवारी मुलगा सात वाजता आला. मंगळवारी सात वाजून पाच. बुधवारी सात. शनिवारीही तो डबा घेऊन गेला. काकांनी पहिला आठवडा कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांची शीळ ऐकू यायला लागली. तिसऱ्या आठवड्यात ते गल्लीतल्या चहावाल्यापाशी उभे राहून चार माणसांना सांगत होते की मंदी आली आणि गेली, हूलच होती. मुलगा जात्याच अबोल. त्याला विचारलं की "काम जास्त आहे" एवढंच म्हणायचा, जेवायचा आणि झोपायचा. दमलेला माणूस असाच असतो. काकांनी कॅलेंडरचं पान पाहून कच्चा हिशेब केला तेव्हा सरासरी पन्नासच्या वर जात होती, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

नेमकं चौथ्या आठवड्यात औषध कंपनीचं पत्र आलं. सुनेची निवड झाली होती. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

जेवायला बसल्यावर तिने ते पत्र काकांच्या ताटाशेजारी ठेवलं. "काय करू, बाबा?"

काकांनी पत्र वाचलं, घडी घातली. "आता गरज नाही त्याची. तास परत आलेत. पोर चौथीत आहे, शाळेतून आली की घरी कुणीतरी हवं. उगाच ओढाताण कशाला?"

"घेऊ दे की तिला," मुलगा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो सहसा अशा वेळी बोलत नसे.

"अरे, पण कशासाठी? कारखाना जोरात चाललाय. तूच रोज सातला येतोस."

"तरी पण. असू दे हाताशी. पुढचं कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय," काका म्हणाले. त्यांना जरा रागच आला. "एकतीस वर्षं तेच बघत आलोय. तासांचं मला नको शिकवूस. लोक कामाला मोताद झालेत आणि तुला दोन पाळ्यांचं काम मिळतंय, तर बायकोला बाहेर धाडायची भाषा?"

मुलाच्या हातातला घास हातातच राहिला. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग खाली मान घालून तो जेवायला लागला.

"बरं," सून म्हणाली.

शुक्रवारी तिने स्वयंपाकघरातून फोन केला. "हो, घरचं कारण आहे," एवढं काकांना बाहेर ऐकू आलं. त्यानंतर नळ बराच वेळ वाहत होता. भांडी घासत असेल असं त्यांना वाटलं.

पुढच्या मंगळवारी काकांना राहवेना. आपला कच्चा हिशेब बरोबर निघाला की नाही ते त्यांना पक्कं करून हवं होतं. त्यांच्या जागेवर आता त्यांच्याच हाताखाली शिकलेली बाई टाइमकीपर होती. त्यांनी कारखान्यात फोन लावला.

"काका! किती दिवसांनी," ती म्हणाली.

"या महिन्याचा फॉर्म गेला का?"

"कालच गेला."

"किती बसली सरासरी? थांब, सांगू नकोस. मी सांगतो. बावन्नच्या पुढे."

"त्रेपन्न पूर्णांक आठ दशांश."

काकांनी मांडीवर थाप मारली. "बघ! घरी बसून सांगितलं मी. नुसत्या कॅलेंडरवरून!"

फोन कटला की काय म्हणून त्यांनी दोनदा हॅलो केलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही भाजक विचारला नाहीत."

हे वाक्य त्यांचंच होतं. नवीन असताना ही पोरगी उत्तर पाहून खूश व्हायची तेव्हा ते तिला दटावायचे, वरचा आकडा नंतर, आधी खालचा बघ. किती माणसांनी भागलंय ते बघ. कमी तासवाले काढून टाकले की उरलेल्यांची सरासरी आपोआप चढते, आणि कागदावर कारखाना ठणठणीत दिसतो.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे दहा होते. एकशे अडतीस राहिले. असेंब्लीची एक पाळी पूर्ण काढली. उरलेल्यांना रोज थांबवतात. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. गेल्या महिन्याच्या तीन तारखेला सह्या घेतल्या काढलेल्या सगळ्यांच्या. मी खिडकीत होते. त्याने सही केली आणि म्हणाला, बाबांना मी सांगतो. म्हणून मी फोन नाही केला."

गेल्या महिन्याची तीन तारीख म्हणजे पहिला सात वाजल्याचा दिवस. काकांना ते कॅलेंडरवर पाहायची गरज पडली नाही. गल्लीत कुणी काही बोललं नव्हतं, कारण ज्याच्या घरात हे घडतं त्याच्या घरी विषय कोण काढणार? आणि काका तर चहावाल्यापाशी उभे राहून हूल होती म्हणून सांगत होते. लोक कसे ऐकून घेत असतील ते! त्यांचा चेहरा शरमेने तापला. पण शरमेपेक्षाही त्यांना एक गोष्ट बोचत होती. तो ताटावर बसून म्हणत होता, घेऊ दे की तिला. जेवढं म्हणणं शक्य होतं तेवढं तो म्हणाला होता.

संध्याकाळी मुलगा सात वाजता आला. "काम जास्त आहे," म्हणाला. काकांनी मान हलवली. त्याला सर्वांसमोर उघडं पाडायचा धीर त्यांना झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाने काका निघाले. जुनी टोपी घातली, सुनेला सांगितलं की मित्राकडे जातो, आणि औषध कंपनीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले. पाच दिवसच झाले होते. टाइमकीपर टाइमकीपरचं ऐकतो असा त्यांचा भाबडा समज होता. चूक माझी आहे म्हणायचं, हात जोडायचे, सुनेची जागा परत मागायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

कंपनीचं फाटक निळं होतं. शेजारी खिडकी होती. आणि खिडकीपासून कुंपणाच्या कडेकडेने साठ-सत्तर माणसं रांगेत उभी होती. ती बदली कामगारांची रांग. आत कुणी गैरहजर राहिलं, ट्रक खाली करायला हात कमी पडले, की खिडकीतून दोन बोटं, चार बोटं बाहेर यायची आणि तेवढी माणसं आत जायची. बाकीची उभीच. काकांना रांग काय असते ते चांगलं माहीत होतं. त्यांच्या खिडकीसमोरही एकतीस वर्षं अशी रांग होती. ती माणसं पटावर नव्हती, म्हणून फॉर्मात नव्हती. दशांशापर्यंत हिशेब करणाऱ्या काकांनी त्यांच्यातल्या एकाचंही नाव कधी विचारलं नव्हतं.

रांगेत बाविसावा त्यांचा मुलगा होता. हातात डबा होता.

त्याने बापाला पाहिलं. पळून जावं असं त्याला वाटलं असावं, कारण तो एक पाऊल मागे सरला. पण मागच्या माणसाने लगेच त्याची जागा घ्यायला पाय पुढे टाकला, तसा तो परत होता तिथे येऊन उभा राहिला.

काका त्याच्याजवळ गेले. त्यांनी जे आयुष्यभर विचारलं तेच विचारलं.

"गेल्या आठवड्यात किती तास मिळाले?"

"अकरा," मुलगा म्हणाला. "तिच्याच पत्रावरून कळलं, इथे माणसं घेतात."

"मला सांगायचंस रे."

"कसं सांगू? तुम्ही रोज लिहीत होतात. पहिल्या दिवशी मी मुद्दाम उशिरा आलो तर तुमचा चेहरा असा खुलला, बाबा. दुसऱ्या दिवशी मग लवकर येववेना."

काकांना हुंदका आवरला नाही. रांगेतल्या माणसांनी नजर दुसरीकडे वळवली. डोळे पुसून ते खिडकीकडे गेले. खिडकीतल्या कारकुनाने त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं, रजिस्टर उघडून पाहिलं आणि सांगितलं की ती जागा शनिवारीच भरली. दुसरी कधी निघेल सांगता येत नाही. तो वाईट बोलला नाही. काकाही अशा वेळी वाईट बोलत नसत.

"चल घरी," परत येऊन ते मुलाला म्हणाले.

"तिला काय सांगायचं?"

"मी सांगतो. चूक माझी आहे."

"नोकरी तर माझी गेली ना, बाबा."

"तुझी मालकाने घालवली. तिची मी घालवली."

ते घरी पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. दार सुनेनेच उघडलं. दोघांना बरोबर पाहून ती बाजूला झाली. काकांनी बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. सरासरी कशी चढली, माणसं किती गेली, त्यांनी काय विचारायला हवं होतं आणि काय विचारलं नाही, रांगेत कोण भेटला, त्याला किती तास मिळाले, खिडकीत काय उत्तर मिळालं, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

मग ती नवऱ्याकडे वळली. "नखांतलं काळं गेलं होतं तुझ्या. मला वाटलं, कंपनीने साबण बदलला. अकरा तास काम. मग बाकीचा वेळ कुठे बसत होतास?"

"बसत नव्हतो. बसलं की कुणीतरी ओळखीचं भेटायचं. चालत राहायचो."

तिने पुढे होऊन त्याच्या हातातला डबा घेतला आणि टेबलावर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा हिशेब चुकला त्याचं मला काही नाही. कुणाचाही चुकतो. पण तुमचा हिशेब बरोबर असता ना, तरी मला ती नोकरी हवी होती. मी विचारलं होतं, काय करू. तुम्ही तास सांगितलेत. तुला काय हवंय, असं कुणीच नाही विचारलं."

काकांनी हात जोडले. सासऱ्याने सुनेपुढे जोडलेले हात पाहून ती चटकन पुढे आली आणि ते खाली केले, पण बोललेलं मागे घेतलं नाही.

"त्या रांगेत बायकांना घेतात का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मागच्या फाटकावर वेगळी रांग आहे. तपासणीला कुणी नसलं की बोलावतात. पण रोज नाही मिळत गं."

"किती वाजेपर्यंत उभं राहायचं?"

"दुपारच्या पाळीची एकपर्यंत असते."

ती आत गेली. इस्त्रीची साडी कपाटातच राहिली, रोजच्याच साडीत तिने पर्स खांद्याला लावली आणि पायांत चपला सरकवल्या. डबा उचलून परत नवऱ्याच्या हातात दिला.

"पोर एक वाजता येईल शाळेतून," ती दारातून काकांना म्हणाली. "झाकून ठेवलंय ते गार वाढू नका. गरम करा. आणि तिला काय हवं ते तिलाच विचारा."

"विचारतो," काका म्हणाले.

दोघं जिना उतरून गेले. काका स्वयंपाकघरात आले आणि गॅस कसा पेटवायचा ते शोधत ओट्यापाशी उभे राहिले. एकतीस वर्षं आणि वर निवृत्तीची सात, या ओट्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. लायटर कुठे ठेवतात तेही त्यांना माहीत नव्हतं.